माणसांचा नियमित वावर

इंग्लंडमधील एखाद्या गावाच्या मुख्य बाजारपेठेतले दुकान वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिले, तर स्थानिक परिषदेने त्याबाबत काय करावे, याविषयी तेथील कायदा २०२४ सालच्या अखेरीपर्यंत फारसा उपयोगी पडत नव्हता. दर्शनी भाग ओंगळ झाला असेल तर तो ठीकठाक करण्याची नोटीस काढता येत असे. अगदीच नाइलाज झाला तर ती मालमत्ता सक्तीने संपादन करण्याचा खर्चिक आणि वर्षे खाणारा मार्ग होता. आणि रिकाम्या वास्तूवर कर आकारला जात होताच. मालकी मालकाकडेच ठेवून तो गाळा काही वर्षांसाठी दुसऱ्या गरजू व्यावसायिकाला वापरायला देण्याचा मधला मार्ग मात्र परिषदेच्या हाती नव्हता. तो अधिकार ‘लेव्हलिंग-अप अँड रीजनरेशन ॲक्ट, २०२३’ या कायद्याच्या दहाव्या भागाने निर्माण केला आणि २ डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या नियमांनी तो प्रत्यक्ष वापरण्याजोगा झाला. सरकारी भाषेत त्याला ‘हाय स्ट्रीट रेंटल ऑक्शन’, म्हणजे मुख्य बाजारपेठेतील रिकाम्या गाळ्यांचा भाडेलिलाव, असे म्हणतात. कायदा हुजूर पक्षाच्या सरकारने केला आणि नियम मजूर पक्षाच्या सरकारने आणले, यावरून या प्रश्नाची निकड दोन्ही बाकांवर किती पटली होती हे दिसते.

हाय स्ट्रीट म्हणजे इंग्रजी गावाची पेठ. औषधांचे दुकान, बँक, टपाल कार्यालय, न्हावी, बेकरी, पब, कपड्यांची मोठी दुकाने आणि आठवडी बाजाराचा चौक हे सारे चालत जाण्याच्या अंतरात एकवटलेले असते. अशा पेठेत एक दुकान बंद पडले की शेजारच्या दुकानाकडे वळणारी पावले कमी होतात, त्यामुळे रिकामेपणाचा तोटा मालकापुरता मर्यादित राहत नाही. तो वाटेतल्या प्रत्येक गल्ल्यातून थोडा थोडा वजा होत जातो. ब्रिटनमध्ये अलीकडच्या वर्षांत साधारण सात दुकानांमागे एक रिकामे असते. हे सरासरीचे चित्र झाले; लंडनच्या श्रीमंत उपनगरात आणि उत्तरेकडील जुन्या खाणगावात ते सारखे नसते.

ही स्थिती एका दिवसात आली नाही. १९०९ मध्ये लिव्हरपूलला पहिले ब्रिटिश दुकान उघडणारी वुलवर्थ्स ही साखळी शंभरीच्या उंबरठ्यावर कोसळली आणि डिसेंबर २००८ च्या अखेरीपासून ६ जानेवारी २००९ पर्यंत, म्हणजे अवघ्या दीड आठवड्यात, तिची ८०७ दुकाने बंद झाली. त्यानंतर २०१६ मध्ये बीएचएस, २०२१ मध्ये डेबनहॅम्स आणि २०२३ मध्ये विल्को अशा साखळ्यांची ओळीने पडझड झाली. २००७ च्या सुमारास एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइन खरेदीचा वाटा ५ टक्क्यांहून कमी होता; महासाथीच्या टाळेबंदीत, २०२१ च्या सुरुवातीला, तो एक तृतीयांशाच्या वर गेला आणि नंतर उतरून चौथ्या हिश्शाच्या आसपास स्थिरावला. दुकानांची गरज घटली हे यावरून स्पष्ट होते. पण मागणी घटली की भाडे उतरावे आणि उतरलेल्या भाड्यात नवा दुकानदार यावा, हा बाजाराचा साधा नियम इथे का चालला नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि नव्या कायद्याचे मूळ त्याच्या उत्तरात आहे.

उत्तराचा पहिला भाग मूल्यांकनाच्या पद्धतीत आहे. व्यापारी इमारतीची किंमत तिच्या विटामातीवरून ठरत नाही, तिच्या भाडेकरारावर लिहिलेल्या रकमेवरून ठरते. समजा, एका गाळ्याचे वार्षिक भाडे ४०,००० पौंड आहे आणि त्या भागात गुंतवणूकदार ८ टक्के परताव्याची अपेक्षा धरतात; तर तो गाळा ५ लाख पौंडांचा मानला जातो. तोच गाळा २४,००० पौंडांनी भाड्याने दिला, तर कागदावर त्याची किंमत त्या सहीसरशी ३ लाख पौंडांवर येते. गाळा बँकेकडे तारण असेल तर कर्ज आणि तारण यांचे ठरलेले प्रमाण मोडते, आणि तो निवृत्तिवेतन निधीच्या खात्यात असेल तर निधीचा ताळेबंद खाली येतो. शेजारी त्याच मालकाचे आणखी चार गाळे असतील, तर तेथील भाडेकरूही कमी भाड्याचा दाखला पुढे करतात. त्यातच ब्रिटनमधील दीर्घ मुदतीच्या करारांत ठरावीक वर्षांनी भाड्याचा फेरविचार करताना ते फक्त वरच जाईल, खाली येणार नाही, अशी अट घालण्याची रूढी आहे. अशा परिस्थितीत ‘योग्य भाडेकरूची प्रतीक्षा’ या सदराखाली कुलूप कायम ठेवणे मालकाला परवडते. त्याच्या हिशेबात हा निर्णय तर्कशुद्ध असतो, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. गावाच्या हिशेबात तो तोट्याचा असतो, आणि तो तोटा कोणी मांडत नव्हते.

दुसरा भाग कराचा आहे. इंग्लंडमध्ये व्यापारी मालमत्तेवर ‘बिझनेस रेट्स’ नावाचा कर असतो. तो आपल्याकडच्या बिगरनिवासी मालमत्ताकराच्या जवळचा म्हणता येईल. दुकान रिकामे झाले तर पहिले तीन महिने हा कर माफ असतो आणि एप्रिल २००८ पासून तीन महिन्यांनंतर तो पूर्ण दराने भरावा लागतो. संरक्षित वारसा इमारतींना मात्र रिकाम्या असेपर्यंत यातून सूट आहे, आणि जुन्या पेठांत अशा इमारती पुष्कळ असल्याने जिथे वास्तू सर्वांत देखणी तिथेच ती रिकामी ठेवणे सर्वांत स्वस्त, अशी विचित्र गोष्ट घडते. बाकीच्यांसाठी पळवाट होती ती अशी, की गाळा सहा आठवडे वापरात आणला, तर पुढे तो रिकामा होताच करमाफीचे तीन महिने नव्याने सुरू होत.

‘वापर’ कशाला म्हणायचे यावर न्यायालयांत जे झाले ते मुळातून पाहण्यासारखे आहे. वॉरिकशरमधील ननीटन अँड बेडवर्थ परिषदेविरुद्धच्या प्रकरणात मॅक्रो कंपनीने आपल्या रिकाम्या केलेल्या मोठ्या गोदामात कागदपत्रांचे १६ पॅलेट, म्हणजे माल रचण्याच्या लाकडी फळ्यांवरचे सोळा ढीग, काही आठवडे ठेवले होते. त्यांनी व्यापलेली जागा एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे ०.२ टक्के होती. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने हा कायदेशीर वापर ठरवला. पुढच्याच वर्षी संडरलँडच्या प्रकरणात गोदामात ठेवलेले एक लहानसे ब्लूटूथ यंत्र, जे जवळून जाणाऱ्यांच्या फोनवर संदेश पाठवण्यासाठी बसवलेले होते, तेही वापर ठरवण्यास पुरेसे मानले गेले. न्यायाधीशांनी कायद्याचा अर्थ कायद्याच्या शब्दांतच लावला, त्यामुळे दोष त्यांच्याकडे जात नाही. करकायद्याला जागेत माणूस असावा अशी अपेक्षाच नव्हती, वस्तू असली तरी त्याला चालत होते. काही मालकांनी याच्याही पुढची युक्ती काढली: रिकामा गाळा एखाद्या नाममात्र कंपनीला भाड्याने द्यायचा, कराचे देणे तिच्यावर ढकलायचे आणि मग ती कंपनी विसर्जित होऊ द्यायची. लँकाशरमधील रोझेनडेल परिषदेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि मे २०२१ मध्ये न्यायालयाने असा अर्थ लावला, की करारामागे कर चुकवण्यापलीकडे खरा हेतू नसेल तर कराचे उत्तरदायित्व मूळ मालकाकडेच राहते. सहा आठवड्यांची मुदत वेल्समध्ये २०२२ मध्ये २६ आठवड्यांवर आणि इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२४ पासून १३ आठवड्यांवर नेण्यात आली.

या पार्श्वभूमीवर नव्या कायद्यातील एक शब्दप्रयोग विशेष मोलाचा आहे. दुकान वापरात आहे असे मानण्यासाठी या कायद्याला तेथे माणसांचा नियमित वावर लागतो. कागदाच्या ढिगांनी आणि भिंतीवरच्या यंत्रांनी जे साधत होते ते इथे साधत नाही. करकायदा पैशासाठी वापर मोजतो, आणि हा कायदा पेठेसाठी मोजतो. दोन्हींना एकच व्याख्या लावून इतकी वर्षे जो गोंधळ झाला तो या शब्दांनी निदान एका बाजूने मिटवला. या संपूर्ण सुधारणेतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग हाच आहे, असे म्हणावेसे वाटते.

प्रक्रिया अशी आहे. परिषदेने प्रथम एखादा रस्ता ‘हाय स्ट्रीट’ किंवा एखादा भाग ‘टाउन सेंटर’ म्हणून नियुक्त करायचा असतो. तेथे दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे, पब, करमणुकीची ठिकाणे, सभागृहे किंवा या सर्वांच्या शेजारी खपून जातील असे लहान उद्योग एकवटलेले असले पाहिजेत. त्या भागातील जो गाळा सलग एक वर्ष, किंवा मागील दोन वर्षांत मिळून ३६६ दिवस, रिकामा राहिला असेल आणि जो वापरात आल्याने तेथील अर्थव्यवहाराला, समाजजीवनाला किंवा परिसराला लाभ होईल असे परिषदेला वाटते, त्याच्या मालकाला पहिली नोटीस जाते. ती दहा आठवडे लागू असते आणि त्या काळात परिषदेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला गाळा भाड्याने देता येत नाही. मालकाने स्वतःहून किमान एका वर्षाचा, लवकर सुरू होणारा आणि माणसांचा वावर आणणारा करार आणला, तर मात्र परिषदेला संमती द्यावीच लागते. आठ आठवड्यांत असे काही घडले नाही तर चौदा आठवड्यांची अंतिम नोटीस निघू शकते. तिच्याविरुद्ध मालकाला चौदा दिवसांत हरकत घेता येते आणि परिषदेने ती मानली नाही तर काउंटी न्यायालयात दाद मागता येते. गाळा मुळात रिकामा नव्हता, त्यात मोठे बांधकाम करायचे आहे, किंवा मालकाला स्वतःच तेथे व्यवसाय थाटायचा आहे, ही त्यातली प्रमुख कारणे होत.

त्यानंतर लिलाव. त्यात किमान बोलीची अट नाही, आणि हा मुद्दा वरवर दिसतो त्याहून मोठा आहे, कारण मालकाने मनात धरून ठेवलेली जुनी रक्कम इथे निरुपयोगी ठरते आणि त्या पेठेत आज त्या गाळ्याला कोणी खरोखर किती द्यायला तयार आहे हे उघड होते. आलेल्या बोलींतून भाडेकरू निवडण्याची संधी मालकाला असते; त्याने निवड केली नाही तर सर्वाधिक भाडे देऊ करणाऱ्याला गाळा मिळतो. करार एक ते पाच वर्षांचा असतो. मालकाने सही करण्याचे टाळले तर परिषद त्याच्या वतीने करार करू शकते, आणि अशा कराराला वरच्या मालकाची व तारण घेतलेल्या बँकेची संमती आहे असे कायदाच गृहीत धरतो. ‘आमची तयारी आहे, बँक परवानगी देत नाही’ हे उत्तर त्यामुळे बाद होते. करार चालू असेपर्यंत गाळ्याच्या वापराचा प्रकार बदलण्यासाठी वेगळी नियोजन परवानगी काढावी लागू नये, अशीही तरतूद त्याच नियमांत आहे. दुकानाच्या जागी नृत्यवर्ग किंवा दुरुस्तीचा कारखाना येऊ शकतो, तो यामुळेच.

या कल्पनेला पूर्वेतिहास आहे. दीर्घकाळ रिकाम्या राहिलेल्या घरांचे व्यवस्थापन परिषदेने काही काळ हाती घ्यावे, अशी तरतूद इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्यातच होती. किरकोळ व्यापाराच्या जाणकार मेरी पोर्टास यांनी सरकारसाठी डिसेंबर २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात, बेफिकीर मालकांच्या दुकानांसाठीही असेच आदेश काढता यावेत, अशी शिफारस केली. त्या अहवालातून पहिल्या टप्प्यात बारा गावांत पथदर्शी प्रयोग झाले, त्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. या शिफारशीला मात्र कायद्याच्या पुस्तकात यायला बारा वर्षे लागली.

मालकाच्या रिकाम्या जागेत सार्वजनिक यंत्रणेने दुसऱ्याला बसवावे, ही कल्पना मुंबईकरांना अपरिचित नाही. ‘बॉम्बे लँड रिक्विझिशन ॲक्ट, १९४८’ या कायद्याखाली जागा रिकामी झाली की मालकाने सरकारला तसे कळवणे बंधनकारक होते आणि सार्वजनिक कारणासाठी सरकार ती ताब्यात घेऊन दुसऱ्याला देऊ शकत होते. फाळणीनंतरच्या निवासटंचाईत त्याला सबळ कारण होते; पण ताब्याला निश्चित शेवट नसल्यामुळे तात्पुरती म्हणून घेतलेली जागा तीस तीस वर्षे परत मिळाली नाही. १९८४ मध्ये एच. डी. व्होरा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा ताबा अनिश्चित काळ चालू ठेवता येणार नाही असे सांगितले, आणि १९९४ च्या ग्राहक संस्था मंच प्रकरणात या जागा खाली करून देण्यासाठी मुदत घालून दिली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात जागा विनाकारण सहा महिने न वापरणे हे भाडेकरूला बाहेर काढण्याचे एक कारण आहे, म्हणजे रिकामेपणाचा जाब आपल्याकडे भाडेकरूला विचारला जातो, मालकाला नाही. मुंबईच्या या अनुभवाशी ताडून पाहिले, की इंग्लंडच्या कायद्याने पाच वर्षांची कमाल मर्यादा का घातली आणि व्यावसायिक भाडेकरूला मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा हक्क देणाऱ्या १९५४ च्या कायद्याचे संरक्षण या करारांना मुद्दाम का नाकारले, हे लक्षात येते. मुदत नसती तर मालकांचा विरोध न्याय्य ठरला असता.

नॉटिंगहॅमशरमधील बॅसेटलॉ आणि मॅन्सफिल्ड आणि ईशान्येकडील डार्लिंग्टन या परिषदांनी हा अधिकार सर्वप्रथम वापरण्याची तयारी दाखवली. पहिल्या दोन्ही ठिकाणी कोळशाच्या खाणी होत्या आणि त्या बंद झाल्यावर पेठेत पैसा आणणारे पगारही बंद झाले. डार्लिंग्टन १८२५ च्या रेल्वेमुळे नावारूपाला आलेले गाव आहे. लंडनच्या झगमगत्या रस्त्यांऐवजी अशा गावांनी पुढाकार घेतला, यात नवल नाही. तरीही कायद्याच्या मर्यादा याच गावांत सर्वांत आधी जाणवतील. भाडेलिलाव गाळा मोकळा करतो, गिऱ्हाईक आणू शकत नाही. जिथे बोली लावायला कोणी येत नाही तिथे नोटिशीचे कागदच उरतात. वुलवर्थ्स किंवा डेबनहॅम्ससारख्यांनी सोडलेली हजारो चौरस फुटांची, दोन-तीन मजली जागा स्थानिक केक बनवणारीला किंवा सायकल दुरुस्त करणाऱ्याला झेपणारी नसते, आणि ती लहान गाळ्यांत विभागण्याचा खर्च पाच वर्षांच्या करारात भरून निघत नाही.

दुसरी अडचण दुरुस्तीच्या खर्चाची. भाडेकरूच्या हाती जाणारा गाळा सुरक्षित असावा, वीज, पाणी यांच्या जोडण्या चालू असाव्यात, इतपत किमान दर्जा मालकाने राखायचा असतो. दहा वर्षे गळणाऱ्या छतासाठी हा खर्च अल्प मुदतीच्या भाड्यापेक्षा जास्त होऊ शकतो, आणि मालकांच्या संघटनांची ही तक्रार पूर्णपणे निराधार नाही. मात्र तिच्या उत्तरादाखल एवढे सांगितले पाहिजे, की छत गळू देण्याचा निर्णयही मालकाचाच होता, आणि ज्या देखभालीचा खर्च त्याने वर्षानुवर्षे वाचवला तो शेजारच्या दुकानदारांनी घटलेल्या विक्रीच्या रूपाने भरलेला आहे.

तिसरी अडचण परिषदांची स्वतःची आहे, आणि ती सर्वांत गंभीर म्हणावी लागेल. मालक शोधणे हेच पहिले काम जड जाते. नोंदणीत परदेशी कंपनीचे नाव असते, तिच्यामागे आणखी एक कंपनी असते. माहिती मागवण्याचे आणि गाळ्यात शिरून पाहणी करण्याचे अधिकार कायद्याने दिले आहेत, तथापि ते वापरायला नोटिशी लिहिणारा कायदा अधिकारी, वास्तूची पाहणी करणारा सर्व्हेयर आणि दुकानदारांशी बोलणारा माणूस लागतो. २०१० नंतरच्या काटकसरीत जिल्हा परिषदांनी नेमकी हीच पदे कमी केली. अनेक वर्षांच्या कपातीनंतर दिलेला अधिकार माणसांअभावी कपाटात राहिला, तर दोष अधिकाराचा ठरणार नाही. या कामासाठी केंद्र सरकारने १० लाख पौंडांहून अधिक रक्कम उपलब्ध करून दिली. इंग्लंडभरच्या परिषदांत ती वाटायची म्हटले तर ती फारच अपुरी आहे.

या कायद्याचे यश लिलावांच्या संख्येवर मोजू नये, हेही इथे नोंदवायला हवे. पहिली नोटीस हाती पडल्यावर आठ आठवड्यांत मालकाने स्वतःच भाडे कमी करून करार केला, तर लिलावाच्या खाती शून्य दिसेल आणि गाळ्यात दिवा लागलेला असेल. त्यामुळे परिषदांनी किती नोटिशी काढल्या आणि त्या पत्त्यांवर वर्षभराने कोण बसले आहे, याची नोंद ठेवणे लिलावाच्या अहवालाहून महत्त्वाचे आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलेल्या इंग्रजी विकेंद्रीकरण विधेयकात नव्या व्यावसायिक करारांतली ‘भाडे फक्त वरच’ ही अट रद्द करण्याचा आणि गावाला मोलाच्या असलेल्या वास्तू खरेदी करण्याची पहिली संधी स्थानिक समूहांना देण्याचा प्रस्ताव आला. रिकामेपणाचे मूळ मूल्यांकनाच्या पद्धतीत आहे हे ओळखणारा तो पहिला धीट प्रयत्न होता, आणि भाडेलिलावाला त्याची जोड मिळाली तरच मालकाचा हिशेब आणि पेठेचा हिशेब जवळ येतील.

एक प्रश्न मात्र कायद्याने मोकळाच सोडला आहे, आणि तो भाडेकरूचा आहे. लिलावात गाळा घेणाऱ्याने रंग, फर्निचर आणि यंत्रसामग्री यांवर आपली पुंजी घातली, तीन वर्षांत गिऱ्हाईक जोडले आणि मुदत संपली, तर नूतनीकरणाचा हक्क त्याला नाही. त्याच्या मेहनतीने रस्ता पुन्हा वाहता झाला असेल तर वाढलेल्या भाड्याचा लाभ घ्यायला मालक मोकळा असतो. मालकाला संरक्षण देण्यासाठी घातलेली मर्यादाच इथे भाडेकरूच्या मुळावर येऊ शकते. कराराच्या अखेरीस त्या भाडेकरूला बाजारभावाने पहिली बोली लावण्याचा, किंवा निदान त्याने केलेल्या सुधारणांचा मोबदला मिळण्याचा हक्क नियमांत घालता येणे शक्य आहे, आणि पहिल्या करारांच्या मुदती संपू लागण्याआधी तो घालणे न्यायाचे होईल.